ऑस्ट्रेलियाचा चाइल्ड व्हिसा : मूल अठरा वर्षांचं झाल्यावर शिक्षणाची अट नेमकी काय असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडिलांना ऑस्ट्रेलियाची पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मिळून वर्ष झालं. मुलगी २३ वर्षांची आहे, पुण्यात शिकते. त्यांनी मूळ स्किल्ड व्हिसाचा, म्हणजे कामाच्या कौशल्यावर मिळणाऱ्या व्हिसाचा, अर्ज केला तेव्हा ती बी.एस्सी.च्या मधल्या वर्षात होती, शिक्षण अर्धवट नको म्हणून तिला अर्जात घेतलं नाही. बारावीनंतर तिने नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला. बी.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला एक विषय राहिला. तो पुढच्या परीक्षेत सुटला, पण तोवर एम.एस्सी.चे प्रवेश संपले होते, त्यामुळे तेही वर्ष गेलं. आता ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. सबक्लास १०१, म्हणजे ऑस्ट्रेलियाबाहेर असलेल्या मुलासाठीच्या चाइल्ड व्हिसासाठी, अर्ज करता येईल का, आणि कॉलेजचं बोनाफाईड जोडलं की शिक्षणाचं काम भागतं का?

अर्ज करता येईल आणि तो मंजूर होण्यासारखाही आहे. बोनाफाईडने मात्र भागणार नाही. या प्रकरणात दोन ठिकाणी अडचण आहे, ड्रॉपचं वर्ष आणि बॅकलॉगचं वर्ष. बहुतेक पालक सगळी ताकद आत्ताच्या प्रवेशाचे कागद गोळा करण्यात घालवतात, आणि अर्ज नाकारला जातो तो मागच्या रिकाम्या महिन्यांवरून.

आधी नियम बघू. ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या मायग्रेशन रेग्युलेशन्समध्ये सबक्लास १०१ खाली १०१.२१३ हे कलम आहे. मूल ऑस्ट्रेलियातच असेल तर सबक्लास ८०२ लागतो, त्यातही याच अटी आहेत. अर्जदार १८ पूर्ण असेल तर तीन गोष्टी लागतात. एक, लग्न झालेलं नसावं, ठरलेलं नसावं, आणि जोडीदार पूर्वीही कधी नसावा. दोन, तो पूर्णवेळ नोकरीत नसावा. तीन, वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून, किंवा ऑस्ट्रेलियातल्या बारावीशी समकक्ष शिक्षण संपल्यापासून सहा महिन्यांत किंवा वाजवी कालावधीत, त्याने पूर्णवेळ अभ्यासक्रम सुरू केलेला असावा आणि तेव्हापासून तो शिकत असावा. हा अभ्यासक्रम शैक्षणिक संस्थेतला हवा आणि त्यातून व्यावसायिक, तांत्रिक किंवा व्होकेशनल पात्रता मिळायला हवी. याशिवाय अर्जाच्या दिवशी वय २५ पूर्ण झालेलं नसावं.

तिसऱ्या अटीचा काळ नीट वाचा. 'सध्या विद्यार्थी आहे का' एवढंच तिथे विचारलेलं नाही. बारावी संपल्यापासून आजपर्यंत हा मुलगा किंवा मुलगी काय करत होती, असा तो प्रश्न आहे. म्हणजे पाच-सहा वर्षांचा सलग हिशेब द्यावा लागतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमच्या बाबतीत नुकसान त्यातूनच झालं आहे. स्किल्ड व्हिसात मुलांना सोबत घ्यायचा नियम वेगळा आहे. नोव्हेंबर २०१६ पासून तिथे १८ ते २२ या वयाचं मूल आई-वडिलांवर अवलंबून असलं की पुरतं, पूर्णवेळ शिक्षणाची स्वतंत्र अट तिथे नाही. २३ पूर्ण झाले की ती वाट बंद होते. अपवाद फक्त शारीरिक किंवा मानसिक अक्षमतेमुळे काम करू न शकणाऱ्या मुलांचा. चाइल्ड व्हिसात वयाची मर्यादा दोन वर्षांनी जास्त, पण अटी कडक. मुलगी २३ च्या आत असताना तिला मूळ अर्जात घेतलं असतं तर तिच्या ड्रॉपबद्दल कुणी विचारलंही नसतं. शिक्षण पूर्ण होऊ दे, मग बघू, हा सल्ला घरोघरी दिला जातो. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तो महाग पडतो. ज्यांचे स्किल्ड अर्ज अजून चालू आहेत त्यांनी मुलाला आत्ताच अर्जात घ्यावं. पीआर मिळाल्यावर एकदा जाऊन येऊन शिक्षण इकडे पूर्ण करता येतं.

व्हॉट्सॲपवर फिरणारी माहिती बऱ्याचदा दुसऱ्याच देशाची असते. कॅनडात पूर्वी शिकत असलेल्या मोठ्या मुलांना सवलत होती, ती १ ऑगस्ट २०१४ ला गेली. आता तिथे २२ वर्षांखालचं मूल अवलंबित धरतात आणि त्याच्या शिक्षणाशी त्यांना देणंघेणं नसतं. तिथला अनुभव इथे लावू नका.

आता तुमच्या मुलीचा ड्रॉप. राज्य मंडळाची बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, निकाल मेच्या सुमाराला लागतो. सहा महिने परीक्षेपासून मोजायचे की निकालापासून, यावर वाद घालता येतो. सावधपणे परीक्षेपासून मोजा. ज्यांनी त्याच वर्षी प्रवेश घेतला ते ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत कॉलेजात असतात, म्हणजे मर्यादेच्या आत किंवा अगदी काठावर. कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या) लांबले आणि वर्ग उशिरा सुरू झाले, तर त्याचं वेळापत्रक आणि ॲलॉटमेंट लेटर जोडलं की बहुतेक वेळा भागतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र परीक्षेपासून प्रवेशापर्यंत साधारण दीड वर्ष गेलं. सहा महिन्यांच्या अटीत ती बसत नाही. तिला 'वाजवी कालावधी' या शब्दांवर उभं राहावं लागेल.

नीटचा क्लास म्हणजे शिक्षणच की, असं पालक म्हणतात. कलमाच्या दृष्टीने ते शिक्षण नाही. कोचिंग क्लासमधून कुठलीही पात्रता मिळत नाही, मग तो रोज दहा तासांचा आणि दोन लाख फीचा का असेना. जेईई, एमपीएससी, यूपीएससी, आयईएलटीएस या सगळ्या क्लासेसचं तेच. पण क्लासचे कागद फेकून देऊ नका. 'ती शिकत होती' हे त्यांनी सिद्ध होत नाही, 'उशीर वाजवी होता' हे मात्र होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अर्जात त्या वेगळ्याच मांडायच्या. ड्रॉपचं वर्ष शिक्षण म्हणून लिहिलंत तर अधिकारी ते खोडून काढेल आणि बाकीच्या म्हणण्याकडेही संशयाने बघेल. त्याऐवजी सरळ लिहा : पहिल्या प्रयत्नात वैद्यकीय प्रवेशाइतके गुण मिळाले नाहीत, पुन्हा परीक्षा देण्यासाठी एक वर्ष थांबली, दुसऱ्या प्रयत्नानंतर प्रवेशाच्या पहिल्याच फेरीत बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. सोबत दोन्ही वर्षांची नीटची स्कोअरकार्डं, क्लासच्या फीच्या पावत्या, दुसऱ्या प्रयत्नाचं हॉल तिकीट आणि बी.एस्सी.चा प्रवेश अर्ज. त्या वर्षात तिने कुठे नोकरी केली नाही, हेही लिहा.

एका ड्रॉपचं असं समर्थन बहुतेक वेळा टिकतं. दोन ड्रॉपचं टिकणं अवघड होतं, आणि तीन वर्षं एमपीएससी करून मग प्रवेश घेतला असेल तर फी भरण्याआधी दहादा विचार करावा.

बॅकलॉगचं वर्ष मला ड्रॉपपेक्षा जास्त नाजूक वाटतं. ड्रॉपच्या बाजूने कायद्यातले 'वाजवी कालावधी' हे शब्द तरी आहेत. दोन अभ्यासक्रमांच्या मधल्या खंडासाठी कलमात तशी सोय लिहिलेली नाही. शिक्षण चालूच होतं, हा खंड शैक्षणिक वेळापत्रकामुळे पडला, असं पटवून द्यावं लागतं. उन्हाळ्याची सुट्टी किंवा निकाल आणि पुढचा प्रवेश यांच्यातले दोन-तीन महिने यावर सहसा कुणी बोट ठेवत नाही. इथे पूर्ण वर्ष आहे. त्याचे दोन भाग करा. पहिला भाग विषय सुटेपर्यंतचा. त्या काळात तिची पदवी पूर्ण झालेली नव्हती, विद्यापीठाच्या दफ्तरी ती त्याच अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी होती. याला पुरावा म्हणजे परीक्षा फॉर्म, परीक्षा शुल्काची पावती, हॉल तिकीट, आणि निकालपत्रक ज्यावर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. दुसरा भाग विषय सुटल्यापासून एम.एस्सी. सुरू होईपर्यंतचा. इथे विद्यापीठाचं प्रवेश वेळापत्रक लागेल, म्हणजे मधे प्रवेशाची संधीच नव्हती हे दिसेल. तिने एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली असेल, इतर विद्यापीठांत अर्ज केले असतील, तर त्या ईमेल आणि पावत्या सोन्यासारख्या जपा.

आणि या वर्षात ती काय करत होती, यावर सगळं अवलंबून आहे. घरी होती, अभ्यास करत होती, आठवड्याला चार शिकवण्या घेत होती, हे चालतं. 'नुसतं बसण्यापेक्षा' म्हणून एखाद्या कंपनीत आठ महिने पूर्णवेळ नोकरी केली असेल तर शिक्षणाची साखळी तिथे तुटते. आज ती नोकरीत नाही, एवढं म्हणून ते भरून निघत नाही. ही नोकरी लपवायचा मोह होतो. लपत नाही. पीएफचा यूएएन, टीडीएस दाखवणारं २६ एएस, बँकेत दर महिन्याला 'सॅलरी' म्हणून आलेली रक्कम, आणि सगळ्यात आधी तिने स्वतः लिंक्डइनवर टाकलेली 'फुल-टाइम' अशी नोंद. दिशाभूल करणारी माहिती किंवा बनावट कागद सापडला तर पब्लिक इंटरेस्ट क्रायटेरियन ४०२० लागतं, म्हणजे नकार आणि साधारणपणे तीन वर्षं अडवणूक. ओळखीबाबतच खोटेपणा असेल तर दहा वर्षं. २३ वर्षांच्या मुलीसाठी तीन वर्षं म्हणजे चाइल्ड व्हिसाची वाट कायमची बंद.

या सगळ्यासाठी एक कागद सर्वांत उपयोगी पडतो आणि तो कुणी मागत नाही. बारावीच्या परीक्षेपासून अर्जाच्या दिवसापर्यंतचा महिनावार तक्ता करा. चार रकाने : कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काय चालू होतं, कोणत्या संस्थेत, पुरावा कोणता. तिच्या तक्त्यातली एक ओळ अशी दिसेल : 'नोव्हेंबर ते जानेवारी, बी.एस्सी. सेमिस्टर सहाचा एक विषय, पुनर्परीक्षा आणि निकाल. महाविद्यालय अमुक, विद्यापीठ तमुक. परीक्षा शुल्काची पावती जोडपत्र १४, हॉल तिकीट १५, निकालपत्रक १६.' एकही महिना रिकामा ठेवू नका. सांगण्यासारखं काही नसेल तर 'घरी, नोकरी नाही' असं लिहा. अधिकाऱ्यासमोर शंभर पानांचे पीडीएफ असतात. त्याला पडणारा प्रश्न तुम्ही आधीच सोडवून दिलात तर मधली जागा तो स्वतःच्या तर्काने भरत नाही.

बोनाफाईडकडे येऊ. आपल्याकडच्या कॉलेजांचा छापील नमुना साधारण असा असतो : 'कुमारी अमुक ही या महाविद्यालयाची विद्यार्थिनी असून चालू शैक्षणिक वर्षात तमुक वर्गात शिकत आहे. तिची वर्तणूक चांगली आहे.' खाली प्राचार्यांची गिचमिड सही आणि गोल शिक्का. रेल्वेच्या पाससाठी हे उत्तम. व्हिसासाठी यात कामाचं जवळपास काहीच नाही. पत्र लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह घ्या. त्यात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, पीआरएन क्रमांक, अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव आणि तो कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे ते, सुरू झाल्याची तारीख, संपण्याची अपेक्षित तारीख, 'नियमित, पूर्णवेळ विद्यार्थिनी' हे शब्द, आठवड्याला व्याख्यानं आणि प्रॅक्टिकल मिळून किती तास, आजवरची हजेरी, आणि शेवटी कोणती पदवी मिळणार ते. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, कार्यालयाचा फोन आणि कॉलेजच्या डोमेनचा ईमेल. ऑफिसातले क्लार्क म्हणतात, 'आमच्याकडे असा फॉरमॅट नाही.' मजकूर स्वतः टाइप करून न्या आणि प्राचार्यांना भेटा, सही होते. पत्र मिळाल्यावर त्याच क्लार्कला सांगून ठेवा की पडताळणीचा फोन किंवा ईमेल येऊ शकतो. फोन आला आणि टेबलावरच्या माणसाने 'अशी कुणी नाही आमच्याकडे' म्हणून ठेवून दिला, तर खरा कागदही खोटा ठरायची वेळ येते.

बी.एस्सी.साठीही असंच पत्र लागेल. मागच्या अभ्यासक्रमांना फक्त मार्कशीट जोडून लोक मोकळे होतात. मार्कशीटवरून परीक्षा दिल्याचं कळतं, वर्गात बसून पूर्णवेळ शिकल्याचं कळत नाही. बाहेरून बी.ए. करणाऱ्याकडेही मार्कशीट असतेच. त्यामुळे मुक्त विद्यापीठातून किंवा दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्यांना जास्त मेहनत घ्यावी लागते. अभ्यासक्रम पूर्णवेळ भाराचा आहे, असाइनमेंट आणि संपर्क सत्रं नियमित आहेत, आणि सोबत नोकरी नाही, हे सगळं दाखवावं लागतं. मुक्त विद्यापीठाची पदवी आणि दिवसभर नोकरी ही जोडी या व्हिसात चालत नाही.

काही अभ्यासक्रम मधल्या जागेतले आहेत. एमबीबीएसची एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळत नाही, म्हणून ती शिक्षणाचाच भाग आहे असं पत्र डीनकडून घ्या. स्टायपेंड मिळतो म्हणून घाबरू नका, पण त्याचा उल्लेख स्वतःहून करा. दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा चालतो, तो तांत्रिक पात्रता देतोच. सीएची आर्टिकलशिप ही खरी डोकेदुखी आहे. आठवड्याला ३५ तास ऑफिसात, महिन्याला स्टायपेंड, बाहेरून बघणाऱ्याला ती सरळ नोकरी दिसते. ती पात्रतेसाठी सक्तीचं प्रशिक्षण आहे हे इन्स्टिट्यूटची नोंदणी आणि नियम जोडून मांडता येतं, पण अशा अर्जाला नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील घ्याच. एजंटचा मारा (नोंदणी) क्रमांक ऑस्ट्रेलियाच्या सरकारी रजिस्टरवर तपासून मगच पैसे द्या.

शिक्षणाइतकीच मोठी दुसरी परीक्षा अवलंबित्वाची, आणि त्यात लोक विचित्र कारणाने नापास होतात. नियम १.०५ए प्रमाणे मूल अन्न, वस्त्र आणि निवारा या मूलभूत गरजांसाठी पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी तुमच्यावर अवलंबून असायला हवं, अर्जाआधी बराच काळ असायला हवं, आणि इतर कुणावर किंवा कशावर असेल त्यापेक्षा तुमच्यावर जास्त असायला हवं. बराच काळ म्हणजे व्यवहारात किमान शेवटचे बारा महिने धरा. यात फी कुठे आहे? नाही. पालक फीच्या पावत्यांचा गठ्ठा लावतात आणि जेवणखाणाचा, राहण्याचा एक कागद नसतो. फी भरल्याचं दाखवा, पण हॉस्टेलचं किंवा खोलीचं भाडं, मेसचं बिल, आणि महिन्याच्या खर्चाला तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात गेलेली रक्कम हे जास्त महत्त्वाचं आहे.

मुलगी आजी-आजोबांकडे राहत असेल तर विशेष काळजी घ्या. निवारा आजोबांचा आणि स्वयंपाक आजीचा, मग ती तुमच्यावर कशी अवलंबून, असा प्रश्न येणारच. फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर इंडेक्स टू आणि मालमत्ता कराची पावती जोडा. आजोबांच्या नावावर असेल तर सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल, किराणा तुम्ही भरता हे बँकेतून दिसू द्या, आणि आजोबांचं प्रतिज्ञापत्र घ्या की नातीचा खर्च मुलगा-सून करतात, ते करत नाहीत. घरात रोख दिलेले पैसे कुठेच दिसत नाहीत. आजपासून दर महिन्याला ठरावीक तारखेला बँकेतून पाठवायला लागा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम पाच लाख पाठवलेत तर त्याचा उपयोग होत नाही, उलट शंका येते.

आई-वडील विभक्त असतील आणि मूल भारतात कमावत्या आईकडे किंवा वडिलांकडे राहत असेल, तर प्रायोजक पालकावरचं, म्हणजे ऑस्ट्रेलियातून अर्जाला पाठबळ देणाऱ्या पालकावरचं, अवलंबित्व दुसऱ्या पालकापेक्षा जास्त आहे हे आकड्यांनी दाखवावं लागतं. शैक्षणिक कर्ज मुलीच्या नावावर असेल तर सहअर्जदार कोण आणि हप्ता किंवा व्याज कुणाच्या खात्यातून जातं ते दाखवा.

अर्ज कधी करायचा, यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात दुरुस्त न होणारी चूक इथेच होते. शिक्षणाची अट अर्जाच्या दिवशी पूर्ण असावी लागते आणि व्हिसाच्या निकालाच्या दिवशीही. अर्जाच्या दिवशी ती दोन अभ्यासक्रमांच्या मधे असेल तर पुढच्या महिन्यात घेतलेला प्रवेश त्या अर्जाला वाचवत नाही. नकारानंतर प्रायोजक ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे जाऊ शकतो (ऑक्टोबर २०२४ पासून एएटी या जुन्या अपील न्यायाधिकरणाची जागा याच न्यायाधिकरणाने घेतली आहे), पण अर्जाच्या दिवशीची वस्तुस्थिती तिथेही बदलत नाही. तुमची मुलगी आत्ता एम.एस्सी.च्या वर्गात बसते आहे, म्हणून अर्जाला हीच वेळ योग्य आहे. मागचा कुणाचा अर्ज चुकीच्या वेळी गेला असेल आणि वय अजून २५ च्या आत असेल, तर वेळेवर नवा अर्ज आणि पुन्हा फी हा मार्ग ट्रिब्युनलपेक्षा बरा पडू शकतो. फी परत मिळत नाही आणि ती बहुधा दर १ जुलैला वाढते, हे धरून चाला.

अर्ज चालू असताना २५ पूर्ण झाले तर अडचण नाही, तशी सूट आहे. शिक्षण संपलं तर मात्र अडचण आहे. व्हिसाचा निकाल यायला वर्षाच्या वर जाऊ शकतं. एम.एस्सी. संपेल, कॅम्पसमध्ये नोकरी लागेल, घरचे म्हणतील घे. घेतली की तो अर्ज गेला. एम.एस्सी. संपायच्या सहा महिने आधी पुढचा अभ्यासक्रम ठरवा : बी.एड., पीजी डिप्लोमा, पीएच.डी., जे तिच्या आयुष्याला खरोखर धरून आहे ते. व्हिसासाठी म्हणून घेतलेला, हजेरी नसलेला डिप्लोमा अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय प्रत्येक सेमिस्टरची फीची पावती, हजेरी आणि निकाल अर्जात टाकत राहा, कुणी मागितलं नाही तरी.

तिला आत्ताच स्टुडंट व्हिसावर तिकडे नेऊन ८०२ करावा का, हाही प्रश्न बरेच जण विचारतात. करता येतो. ८०२ चा अर्ज ऑस्ट्रेलियात राहूनच करावा लागतो, आणि आधीच्या व्हिसावर ८५०३ ही 'नो फर्दर स्टे' अट असेल तर मार्ग अडतो. स्टुडंट व्हिसासाठी मार्च २०२४ पासूनची 'जेन्युइन स्टुडंट' कसोटी वेगळी द्यावी लागते, आणि पीआर मिळेपर्यंत फी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याची. शिवाय तिकडे कामाची सवय लागते. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, सुट्टीत ती नसते. चाइल्ड व्हिसाचा अर्जदार सुट्टीत गोदामात आठवड्याला चाळीस तास काम करू लागला, तर 'पूर्णवेळ नोकरीत नाही' आणि 'अवलंबून आहे' या दोन्ही गोष्टी एकदम डळमळतात.

साखरपुड्याबद्दल स्पष्ट बोलतो. लग्न ठरलं म्हणजेच अपात्र. नुसती सुपारी फुटली आहे, लग्न पुढच्या वर्षी, असं म्हणून चालत नाही. नोंदणी झाली नसली तरी. इन्स्टाग्रामवर अंगठीचे फोटो असतात आणि अधिकारीही फोन वापरतात. व्हिसावर ८५१५ ही अट घातली गेली असेल तर ऑस्ट्रेलियात पहिला प्रवेश होईपर्यंतही लग्न करता येत नाही. स्थळं बघायला हरकत नाही, ठरवायची घाई नको.

शारीरिक किंवा मानसिक अक्षमतेमुळे काम करू न शकणाऱ्या मुलांना शिक्षणाची अट आणि २५ ची मर्यादा, दोन्ही लागू नाहीत. त्यासाठी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड एकटं पुरत नाही; काम करण्याची क्षमता किती आणि का नाही, हे सांगणारा तज्ज्ञ डॉक्टरांचा सविस्तर अहवाल लागतो. आरोग्य तपासणीची अडचण वेगळी असते, तिचा विचार आधी करा.

तुमच्या प्रकरणात एक गोष्ट लगेच तपासा. मूळ स्किल्ड अर्जात मुलीचं नाव सोबत न येणारी कुटुंबीय म्हणून लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर प्रश्न नाही. राहून गेलं असेल तर नव्या अर्जात ती अचानक उगवते आणि मग नात्याच्या पुराव्यापासून सगळी सुरुवात होते. तशी चूक फॉर्म १०२३ ने कळवता येते, अर्ज टाकण्याआधी कळवलेली बरी.

बाकीचे कागद नेहमीचेच. १८ वरच्या अर्जदारासाठी फॉर्म ४७ए असतो. पासपोर्ट सेवामधून पोलीस क्लिअरन्स, नेमलेल्या डॉक्टरांकडे मेडिकल, जन्मदाखला, आणि मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर, ज्यावर भाषांतरकाराचं नाव, पत्ता, फोन आणि पात्रता लिहिलेली असेल. जन्मदाखल्यावर फक्त बाळाचं नाव, मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, अशा फरकांसाठी एकच प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

अर्ज गेल्यावर कॉलेज बदललं, विषय राहिला, पत्ता बदलला, अर्धवेळ काम सुरू केलं, की फॉर्म १०२२ ने किंवा इमीअकाउंट या ऑनलाइन अर्ज-खात्यातून त्याच आठवड्यात कळवा, सोबत नव्या कॉलेजचं पत्र किंवा काम देणाऱ्याचं तासांचं पत्र जोडून.